पॅडला पर्याय: कप, कापडी पॅड, पिरियड पॅंटी. पुण्यातल्या घरांत कितपत जमतं?

टेकडीवाली

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जुंपली. निमित्त काय, तर कोणीतरी वापरलेलं पॅड न गुंडाळता सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या मावशी एरवी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं तुमच्या हाताला नको, मग माझ्या हाताला कशाला?" ग्रुपवर त्यावरून "कोणाच्या घरातलं असेल" याचा तपास सुरू झाला. मूळ मुद्दा राहिला बाजूला.

मूळ मुद्दा असा की पॅड ओल्यातही बसत नाही आणि सुक्यातही नाही. वरचा जाळीदार थर बहुधा प्लॅस्टिकचा, आत लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणारं पॉलिमर, खाली पुन्हा प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि त्याला चिकटवायचा डिंक. हे सगळं एकमेकांत असं अडकलेलं की भंगारवाला घेत नाही आणि खतात ते कुजत नाही. मावशींना हातमोजे मिळतात, पण मोजे घालून कागद एकीकडे, पिशव्या एकीकडे असं भराभर करता येत नाही. म्हणून ते खिशातच राहतात.

मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून कप (आत बसवायची, रक्त साठवणारी छोटी लवचिक वाटी) वापरते, रात्री सोबत एक पातळ कापडी पॅड. पैसे वाचतात, प्रवासात पिशवी हलकी राहते, कचरा जवळजवळ शून्य. पण मला इथे जाहिरात करायची नाहीये. आपल्याकडचं पाणी, आपले संडास, आपला पावसाळा, घरातली माणसं हे सगळं धरून कोणाला काय जमलं आणि काय नाही, ते लिहा. नाही जमलं असेल तर तेही लिहा.

चिंचगूळ

वाचतेय. लेक बारा वर्षांची आहे, चार महिन्यांपूर्वी सुरू झालं. तिला सुरुवातीपासून पॅडची सवयच लावू नये असं वाटतं, पण कप एवढ्या लहान वयात? सासूबाईंना विचारायची सोय नाही.

हिशोबनीस

आकडे मांडतो, चूक असेल तर दुरुस्त करा. (होय, पुरुष आहे. घरात बायको आणि दोन मुली, त्यामुळे किराणाच्या यादीत हे दर महिन्याला असतं आणि आणतो मीच.)

एका पाळीला 10 पॅड, एक पॅड 7 रुपये धरलं तर महिन्याला 70. वर्षाला 12 पाळ्या म्हणजे 840. 35 वर्षं धरली तर 4,200 पॅड आणि 29,400 रुपये, तेही आजच्या भावाने. कप 500चा घेतला आणि दर पाच वर्षांनी बदलला तरी सात कप, 3,500. कापडी पॅडचा संच महाग पडतो, पण दोनतीन वर्षं नीट चालला तर तोही पॅडपेक्षा स्वस्तच.

2017मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के कर होता. बरीच ओरड झाली आणि जुलै 2018मध्ये तो शून्यावर आणला. त्याने महिन्याच्या बिलात फार फरक पडलेला निदान मला तरी दिसला नाही.

जुनं खोड

मुलींनो, तुमचा धागा वाचला आणि थोडी गंमत वाटली. आता "पुन्हा वापरता येणारं" म्हटलं की नवं वाटतं. आम्ही नारायण पेठेत वाड्यात वाढलो, आम्ही सगळ्या पुन्हा वापरता येणारंच वापरायचो. जुन्या लुगड्याच्या घड्या. चार बिऱ्हाडांत एक मोरी. पहाटे कोणी उठायच्या आत जाऊन घड्या धुवायच्या, आणि वाळत घालायच्या त्या दोरीवर परकराच्या आत दडवून, कारण कोणाच्या नजरेला पडता कामा नये. ऊन लागायचं परकराला. घडी सादळलेलीच राहायची. तीच पुन्हा घेतली की मांड्या सोलवटायच्या, चालताना फेंगडं चालावं लागायचं, आणि ते बघून पुन्हा लोक हसायचे.

पहिल्यांदा बाजारचं पॅड घेतलं तेव्हा मला माझ्या मनगटातून बेडी काढल्यासारखं वाटलं. म्हणून सांगते, कचऱ्याचं पाप बायकांच्या डोक्यावर ठेवून त्यांना पुन्हा मोरीकडे धाडू नका. धुणं कोणाच्या गळ्यात पडणार, हे आधी ठरवा.

टेकडीवाली

@जुनं खोड, काकू, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. तुम्हाला त्रास कापडाने दिला की लपवण्याने? तीच घडी उघड्या उन्हात कडक वाळली असती तर? मी माझे कापडी पॅड बाल्कनीत सरळ सगळ्या कपड्यांसोबत वाळत घालते. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना दिसत असतील, तर दिसोत.

धुण्याचं मात्र बरोबर आहे. ज्या घरात बाईच्या वाट्याला आधीच सगळं धुणं आहे तिथे मी कापड सुचवणार नाही. कप सुचवेन, कारण त्यात धुणं म्हणजे नळाखाली अर्धा मिनिट.

जुनं खोड

लपवण्याने जास्त. हे कबूल. पण तेव्हा सांगणार कोणाला?

सुईदोरा

मी कापडी पॅड घरी शिवते, स्वतःला आणि बहिणींना. विकत नाही, त्यामुळे कृपया वेगळा निरोप पाठवून भाव विचारू नका. ☺

वरचा थर सुती फ्लॅनेलचा, रविवार पेठेत कापडवाल्यांकडे मीटरवर मिळतो. गडद रंग घ्या, पण इतका गडद नको की डाग निघालाय की नाही ते कळणारच नाही. आत जुन्या टर्किश टॉवेलचे तीनचार थर. नवा टॉवेल पाणी लवकर पीत नाही, चांगला झिजलेला घ्या. खाली पीयूएल म्हणून कापड येतं, बाळांच्या कापडी डायपरला लावतात तेच, त्यातून ओल खाली येत नाही. दोन्ही बाजूंना पंख काढून टिचबटण. मधोमध आडव्या शिवणी घालू नका, सुईच्या भोकांतून ओल झिरपते. शिवण फक्त कडेने.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्याने सुरू करणाऱ्या नेमक्या इथे कंटाळतात आणि सोडून देतात. रक्त प्रथिनयुक्त असतं, गरम पाणी लागलं की ते धाग्यात घट्ट बसतं. म्हणून आधी गार पाणी. वापरून झालं की लगेच नळाखाली धरून मुठीत दाबत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग साबण लावून अर्धा तास ठेवायचं आणि नेहमीसारखं धुवायचं. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड अजिबात नको, त्याचा पापुद्रा बसतो आणि पॅड शोषेनासं होतं. मग पहिल्याच तासात गळतं आणि दोष कापडाला.

ऑफिसमध्ये बदलावं लागलं तर आतून ओल न येणारी चेनची छोटी पिशवी ठेवा. पॅड स्वतःवरच घडी घालून टिचबटण लावायचं, पिशवीत टाकायचं, घरी येऊन धुवायचं. वास येत नाही. खरंच येत नाही. पॅडला जो वास येतो त्यात बराचसा हात बंद प्लॅस्टिकचा आणि त्यातल्या सुगंधाचा असतो.

आता पुण्यातला खरा प्रश्न: जुलै-ऑगस्ट. चार थरांचं पॅड दोनदोन दिवस वाळत नाही. बाहेरून कोरडं लागतं, मधे दाबलं की गार लागतं. गार लागलं म्हणजे ओलं आहे, घालू नका. मी पंख्याखाली वाळवून मग उलटसुलट इस्त्री फिरवते, पीयूएलची बाजू सोडून. हल्ली मी थर शिवतच नाही. बाहेरचं पाकीट वेगळं आणि आतली घडी सुटी ठेवते. सुटी घडी एका थरात उलगडून वाळते. काकूंच्या लुगड्याच्या घडीचं तंत्र तिथे बरोबरच होतं!

ओपीडीतून

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वैयक्तिक सल्ला धाग्यावर देत नाही, सर्वसाधारण माहिती लिहिते.

कपवर 2019मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये एक मोठा आढावा आला, 43 अभ्यास आणि 3,300हून जास्त स्त्रिया-मुली. निष्कर्ष थोडक्यात: गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकी (आत घालायचा कापसाचा बोळा) किंवा त्याहून कमी, जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण हात बसायला काही पाळ्या जातात. पहिल्याच महिन्यात "मला जमत नाही" म्हणून निकाल लावू नका. टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या (जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) मोजक्या केसेस नोंदवलेल्या आहेत. धोका अगदी कमी, पण म्हणूनच हात धुणे, 12 तासांच्या आत काढणे आणि दर पाळीच्या आधी उकळणे यात सूट नाही. कप असताना अचानक जोराचा ताप, पुरळ, चक्कर आली तर कप काढून तडक दवाखान्यात.

कॉपर टी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कप ओढताना ती निसटल्याच्या नोंदी आहेत. कप कधीच देठ धरून नुसता ओढायचा नाही. तळाशी चिमटीत दाबून आधी आतली हवा सोडायची, मग किंचित तिरका करून बाहेर घ्यायचा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत नको. अंग बाहेर येत असेल तरी आधी विचारा.

एका फायद्याबद्दल कोणी बोलत नाही, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. माझ्याकडे बायका येतात आणि म्हणतात "फार जातंय". किती? "फार." घरात कोणी विश्वास ठेवत नाही, कधीकधी डॉक्टरही ठेवत नाहीत. पॅडवरून अंदाज येत नाही, कारण कोणी अर्धं भरलेलं बदलतं, कोणी तुडुंब. बऱ्याच कपांवर मिलीलिटरच्या खुणा असतात. एका पाळीत सगळं मिळून साधारण 30 ते 80 मिली जाणं हे सर्वसामान्य, 80च्या वर सातत्याने जात असेल तर ते जास्त. कप 20 ते 30 मिलीचा असतो. दिवसातून कितीदा रिकामा केला आणि कुठपर्यंत भरला होता, एवढं लिहून आणलं की माझं निम्मं काम होतं. दोन तासांत कप भरून वाहत असेल तर "आमच्याकडे सगळ्यांना असंच जातं" म्हणून घरी बसू नका. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं, थायरॉइड असू शकतं, रक्त गोठण्याचा त्रास असू शकतो. आणि हिमोग्लोबिन तर नक्की तपासा.

@चिंचगूळ, वयाची अशी खालची मर्यादा नाही. मुलीची स्वतःची इच्छा आणि स्वतःच्या शरीराची ओळख हवी, एवढंच. तिला नको असेल तर विषय संपला, पिरियड पॅंटी (आत शोषणारे थर असलेली, धुऊन पुन्हा वापरायची चड्डी) किंवा कापडी पॅड द्या. आणि कौमार्यपटलाची जी भीती घराघरांत असते: तो लवचिक पडदा आहे, खेळतानाही ताणला जातो. त्यावरून कोणाबद्दलही काहीही सिद्ध होत नाही.

सदाशिव पेठ, मुक्काम पोस्ट होस्टेल

एमपीएससीवाली. एका मजल्यावर चौदा मुली, तीन बाथरूम, डस्टबिन एक, तेही झाकण तुटलेलं. मालकीणबाईंचा नियम, पॅड बाथरूममध्ये टाकायचं नाही, कागदात गुंडाळून स्वतः खाली कोपऱ्यावर नेऊन टाकायचं. रात्री अकरानंतर गेट बंद. म्हणजे रात्रीचं पॅड सकाळपर्यंत खोलीत. मी कप घेतला तो पर्यावरण वगैरे काही नाही, या कटकटीतून सुटायला.

पहिला प्रश्न होता उकळायचा. इथे गॅस नाही, आणि इलेक्ट्रिक किटलीला बंदी (सगळ्यांकडे आहे). किटलीत चहाचं पाणी करायचं असल्यामुळे त्यात कप टाकणं मनाला पटेना. मायक्रोवेव्हवाला घडीचा डबा मिळतो, पण मायक्रोवेव्ह कुठाय? शेवटी स्टीलच्या मगात कप ठेवून किटलीतलं उकळतं पाणी वर ओतायचं आणि झाकण ठेवायचं असं करत होते. हे चालतं का @ओपीडीतून?

दुसरा प्रश्न गुरुवार. पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की पोटात गोळा. पण कपला पाणी लागतं ते हात धुवायला आणि कप विसळायला, अर्धी बाटली पुरते. संडासात जायच्या आधी बाहेर बेसिनवर हात साबणाने धुवायचे, पाण्याची बाटली आत न्यायची, कप कमोडमध्ये रिकामा करायचा, बाटलीने विसळायचा, परत घालायचा. बाहेर येऊन पुन्हा हात. पहिल्या वेळी घामाघूम झाले होते. आता अभ्यासिकेत आठ-दहा तास बसते आणि लक्षातही राहत नाही.

ओपीडीतून

मगात नुसतं ओतण्यापेक्षा खरोखर खळखळ उकळलेलं बरं, निदान पाच मिनिटं, किंवा कपासोबतच्या कागदावर जेवढी सांगितली असतील तेवढी. मुली मिळून एक स्वस्तातली किटली फक्त याच कामाला ठेवा. पाळी सुरू असताना रोज उकळायची गरज नाही, पिण्याच्या पाण्याने विसळलं तरी पुरे.

हिशोबनीस

आमच्याकडे कप उकळायच्या पातेल्यावरून आईने घर डोक्यावर घेतलं होतं. त्याला लाल दोरा बांधून वेगळ्या फळीवर ठेवलं. परवा मी चुकून त्यात अंडी उकडली. आईला सांगू नका.

पर्वती पायथा

जरा वेगळा अनुभव. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना मी उत्साहाने कप आणून दिला. त्यांनी ठेवून घेतला, वापरला नाही. खूप दिवसांनी मोकळेपणाने बोलल्या. वस्तीत सार्वजनिक संडास, आत नळ नाही, बाहेरून डबा न्यायचा. दाराची कडी नीट लागत नाही, बाहेर रांग, कोणीतरी सारखं दार वाजवतंय. अशात उकिडवं बसून कप काढायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा? "ताई, तिथं माझा श्वास पण पुरत नाही," म्हणाल्या. घरी एकच खोली, दीर-सासरे, गॅसवर कप उकळायची सोय नाही.

त्यांना कापडी पॅड जास्त सोयीचं वाटलं, कारण ते घरच्या मोरीत पडदा ओढून बदलता येतं. पण वाळवायचं पुन्हा तेच, वर काकूंनी लिहिलंय तसं. शेवटी त्या माझ्या गच्चीत वाळवायला आणतात. आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमवरून सगळ्यांना शिकवायला जाऊ नये हे मात्र मला नीट कळलं.

रद्दी-काच-पत्रा

कचरावेचकांच्या कामाशी स्वयंसेवक म्हणून थोडा संबंध आहे, म्हणून जरा मागचं सांगते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, 2008 पासून महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. पॅडचा प्रश्न या बायकांनीच लावून धरला. 2013मध्ये त्यांनी लोकांनी टाकलेली वापरलेली पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पोत्यांनी परत पाठवली होती, "तुमचा माल, तुम्हीच बघा" म्हणून. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या, पॅड त्यात टाकायचं. नंतर लाल ठिपक्याची मोहीम: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. म्हणजे उघडून बघावं लागत नाही.

2016च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी प्रत्येक पाकिटासोबत टाकण्यासाठी पिशवी द्यावी असं आलं, आणि वापरणाऱ्याने गुंडाळून द्यावं असंही. सुट्या पॅडला गुलाबी वेष्टण असतं तेच पिशवी म्हणून खपवणारेही आहेत. असो.

सोसायट्या हल्ली विचारतात की छोटं जाळण्याचं मशीन बसवू का. माझं मत: नको. कमी तापमानाला प्लॅस्टिक आणि पॉलिमर अर्धवट जळतात, त्यातून डायऑक्सिनसारखे विषारी वायू निघतात, आणि तो धूर तुमच्याच पार्किंगमध्ये. पुण्यातच 'पॅडकेअर' नावाची कंपनी वापरलेल्या पॅडमधला लगदा आणि प्लॅस्टिक वेगळं करून पुन्हा वापरात आणायचं काम करते, ऑफिसं-कॉलेजांत त्यांचे डबे दिसतात. ज्यांना पॅडच वापरायचंय त्यांच्यासाठी तसलं काही जास्त बरं.

आणि केरळचं उदाहरण बघा. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावात सुमारे 5,000 कप वाटले, सोबत प्रशिक्षण दिलं, आणि जानेवारी 2022मध्ये गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झालं. प्रशिक्षण हा शब्द नीट वाचा. आपल्याकडे वाटप होतं आणि फोटो निघतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या मुलींमध्ये कप वापरणाऱ्या 0.3 टक्के होत्या, नॅपकिनवाल्या 64 टक्के.

चिंचगूळ

सगळं वाचून लेकीसमोर फोनच ठेवला, म्हटलं तूच वाच. तिने शाळेसाठी पिरियड पॅंटी निवडली. विकत घेताना काय बघायचं?

सुईदोरा

कापडी पॅड आणि पिरियड पॅंटी दोन्हींसाठी 2021 पासून भारतीय मानक आहे, आयएस 17514. वेष्टणावर तो आकडा आहे का बघा. माप घट्टही नको, सैलही नको, मांडीशी लागून बसली पाहिजे. पावसाळ्यासाठी निदान तीन घ्या, एक वाळत असणार, एक अर्धी वाळलेली. पहिल्या वापराआधी दोनतीनदा धुऊन घ्या म्हणजे शोषायला लागते. आणि शाळेत भरवशाला दप्तरात एक साधं पॅड राहू द्या, त्यात काही पाप नाही.

चिंचगूळ

आणि ती टिळक तलावावर पोहायला जाते. पॅंटी घालून पाण्यात चालेल?

ओपीडीतून

फारसा उपयोग नाही. ती तलावाचंच पाणी पिऊन बसेल. पाण्यात कप किंवा टॅम्पॉन.

चिंचगूळ

हे तिला सांगितलं. म्हटलं, मग त्या दिवसांत बॅचला दांडी मारूया. बाईसाहेब म्हणाल्या, "दांडी नाही. लहान साइजचा कप मागव, आणि बाथरूमचं दार वाजवायचं नाही." मागवला. @हिशोबनीस, लाल दोरा आम्हीही बांधतोय.